विहिरींचे अदृश्य राखणदार

मुरगाव तालुक्यातील माटवे-दाबोळी परिसरातील विहिरींत 2024 च्या जानेवारीत पेट्रोलियमचा अंश उतरला आणि गळती शोधण्याची धावपळ झाली. गळती बंद करता येते. परंतु जमिनीत मुरलेल्या तेलाचे पुढे काय होते?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ 1979 च्या ऑगस्टमध्ये तेलवाहिनी फुटून सुमारे 17 लाख लिटर कच्चे तेल सांडले. साफसफाईनंतरही त्यातील सुमारे 4 लाख लिटर भूगर्भातच राहिले. 1983 पासून शास्त्रज्ञ त्या जागेचा अभ्यास करीत आले आहेत. त्यांना आढळले की, मातीतील जीवाणू या तेलावरच जगतात. पाण्यात प्राणवायू असेतोवर ते बेंझिनसारख्या विषारी द्रव्यांचे कार्बन डायऑक्साइड व पाणी करतात. प्राणवायू सरला की मातीतील लोहावर श्वसन चालविणारे जीवाणू पुढे येतात आणि अखेरीस मिथेन वायू निर्माण करणारे. त्यांच्यामुळेच विषाच्या प्रसाराला आळा बसला.

मात्र येथेच सावध होणे अगत्याचे आहे. चार दशके उलटूनही तेथील तेल संपलेले नाही. शिवाय लोह विरघळताना त्याला चिकटलेले नैसर्गिक आर्सेनिकही पाण्यात उतरते. यंत्रे धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायक्लोरोएथिलीनमधील क्लोरीन क्रमाक्रमाने काढून टाकणारे जीवाणू आहेत. पण काम अर्ध्यावर थांबले तर व्हिनाइल क्लोराइड हे कर्करोगकारक द्रव्य मागे उरते. शिसे आणि पारा यांचा नाश तर कोणताच जीवाणू करू शकत नाही.

म्हणून ‘निसर्गच सारे शुद्ध करील’ असे म्हणून कोणालाही हात झटकता येणार नाहीत. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी कारखान्यांनी नासविल्या, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली प्रदूषण करणाऱ्यानेच शुद्धीकरणाचा खर्च सोसावा, असा निर्णय दिला. जीवाणूंवर विसंबावयाचे असेल, तर गळतीच्या जागेभोवती निरीक्षण-विहिरी हव्यात, त्यांतील पाण्याची वर्षानुवर्षे तपासणी हवी, निष्कर्ष पंचायतीच्या फलकावर लागावयास हवेत आणि पाणी निर्धोक ठरेपर्यंत ग्रामस्थांना दुसरे पाणी मिळावयास हवे. या सर्वांचा खर्च गळती करणाऱ्याचा.

राखणदार गावाची राखण करतो, म्हणून चोरासाठी कोणी दार उघडे टाकीत नाही!