गल्ला सोडून आखाड्यात रमलेले गुरू हनुमान

शेखावाटीच्या मुलखाने देशाला पुष्कळ व्यापारी दिले. तेथील चिडावा गावी १९०१ साली जन्मलेले विजयपाल यादव हेही व्यापारासाठीच तरुणपणी दिल्लीच्या सब्जी मंडीत आले. परंतु त्यांचे मन गल्ल्यापेक्षा आखाड्यात रमले. चिडाव्याजवळच्या पिलानीचे बिर्ला कुटुंब तेव्हा दिल्लीत कापडगिरणी चालवीत होते. त्यांनी मल्लविद्येसाठी जागा दिली आणि १९२५ च्या सुमारास बिर्ला मिल व्यायामशाळा सुरू झाली. हनुमंताचे हे भक्त पुढे ‘गुरू हनुमान’ याच नावाने ओळखले गेले. मूळ नाव मागे पडले.

त्यांनी लग्न केले नाही. आखाडा हेच त्यांचे घर आणि खेड्यापाड्यांतून आलेली मुले हाच त्यांचा संसार. पहाट होण्यापूर्वी सर्वांनी उठायचे, फावड्याने माती उकरून भुसभुशीत करायची, मग दंड, बैठका आणि जोड. आळस करणाऱ्याच्या पाठीवर गुरूंची काठी पडे. आजच्या पालकांना ती काठी रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र जी शिस्त ते शिष्यांना लावीत, तीच वार्धक्यातही स्वतः पाळीत. गुरू निष्ठावान शाकाहारी होते. दूध, तूप आणि बदाम यांच्या बळावर मल्ल घडतो, हे त्यांच्या आखाड्याने वादविवाद न करता दाखवून दिले.

१९७० च्या एडिनबरो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांचे शिष्य वेदप्रकाश व सुदेशकुमार यांनी सुवर्णपदके मिळविली; १९७४ साली क्राइस्टचर्चला सुदेशकुमार पुन्हा अजिंक्य ठरले आणि प्रेमनाथही. कर्तारसिंग १९७८ व १९८६ च्या, तर सतपाल १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाचे मानकरी झाले. या सतपालांना १९७७ साली बेळगावच्या मैदानात आपल्या हरिश्चंद्र बिराजदारांनी चितपट केले, ही आठवण मराठी कुस्तीशौकीन अजून अभिमानाने सांगतात!

शासनाने १९८३ साली पद्मश्री आणि १९८७ साली द्रोणाचार्य पुरस्कार देऊन गुरूंचा गौरव केला. २४ मे १९९९ रोजी हरिद्वारला जात असता मेरठजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय ९८. तोवर सतपाल स्वतः दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मुलांना कुस्ती शिकवू लागले होते. त्याच स्टेडियममध्ये तयार झालेल्या रवी दहियाने पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले.