खगोल आणि कचेरी

वैशाखात अकोल्याच्या माणसाने काय वाचावे याविषयी आमच्याकडे शास्त्रार्थ झालेला नाही. परंतु पारा सेहेचाळीस अंशांच्या पुढे सरकला असता, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून, दारेखिडक्या लावून घेऊन, मंद उजेडात मुंबई शहरावर बर्फ पडत असल्याची हकीकत वाचण्यात जे सुख आहे, त्याचा अनुभव पुण्याच्या वाचकाला घेता यावयाचा नाही, हे मी खात्रीने सांगतो. ती हकीकत जयंत विष्णू नारळीकरांच्या एका विज्ञानकथेतील आहे. हिमयुगाची चाहूल एका भारतीय शास्त्रज्ञाला सर्वांआधी लागते, तो ती जगाच्या कानी घालतो, जग त्याची मान डोलवून वासलात लावते, आणि बर्फ प्रत्यक्ष रस्त्यांवर साचल्यानंतर मात्र त्याच शास्त्रज्ञाच्या दारी धाव घेते. माझी उमेदीची सारी वर्षे महसुली दप्तरात गेली. तेव्हा त्या कथेतील हवामानशास्त्रापेक्षा त्या इशाऱ्याचा कागद कोणत्या टेबलावर अडला असेल, त्यावर कोणी काय शेरा मारला असेल, आणि ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ तो पुढे कोठे रवाना झाला असेल, याचाच विचार मी अधिक करीत बसलो. आणि पुढे त्यांचे सर्व कथावाङ्मय वाचून झाल्यावर माझा असा ग्रह दृढ झाला की, कचेरीतल्या माणसाचे हे वाचन अगदीच आडवाटेचे नव्हते.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर निवर्तले. त्यानंतर आलेल्या बहुतेक मृत्युलेखांत एक वाक्य निरनिराळ्या रूपांत भेटले: त्यांनी लोकविज्ञानाचे ग्रंथ लिहिले, आणि तेच विज्ञान अधिक गोड व्हावे म्हणून कथाही लिहिल्या. म्हणजे ग्रंथ हा काढा आणि कथा ही मधाची चाटणी. हा समज सोयीचा आहे खरा, पण त्यांच्या दोन्ही प्रकारच्या पुस्तकांना तो न्याय देत नाही.

कथालेखनाचा आरंभच पाहा. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती, आणि १९७४ साली तिच्याकडे ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि मग उलगडा झाला की हे जगताप म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पद्मभूषण झालेले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक असलेले खगोलशास्त्रज्ञ नारळीकर होत. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट्या क्रमाने लावली होती, आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत स्वतः गणिती असलेल्या त्यांच्या पत्नी मंगलाताई यांच्याकडून लिहवून घेतली होती. लोकविज्ञानाच्या लेखाखाली शास्त्रज्ञाचे नाव असणे ही त्या लेखाची सनदच असते. मजकूर विश्वासार्ह ठरतो तो त्या हुद्द्यामुळे. कथेसाठी मात्र त्यांनी हुद्दा दाराबाहेर ठेवला आणि परीक्षकांपुढे उमेदवार म्हणून उभे राहिले. दोन लेखनप्रकारांचे कायदे निराळे आहेत, हे त्या गृहस्थाला पहिल्याच दिवशी ठाऊक होते. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली, तेव्हा विज्ञानकथेला मराठीच्या ओसरीवर बसावयास जागा झाली.

ही दुहेरी लेखणी त्यांनी उचलली कोठून, याचा शोध फार लांब जाऊन घ्यावा लागत नाही. १९५७ साली ते केंब्रिजला पोहोचले, आणि त्याच वर्षी तेथील फ्रेड हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हॉइल हे प्रथम श्रेणीचे सिद्धांती, नभोवाणीवरचे लोकप्रिय वक्ते आणि विज्ञानकादंबरीकार असे तिहेरी व्यक्तिमत्त्व. विश्वाचा जन्म एका महास्फोटात झाला हे मत त्यांना मान्य नव्हते, आणि गंमत अशी की त्या मताला आज जगभर रूढ असलेले ‘बिग बँग’ हे नाव त्यांनीच १९४९ साली बीबीसीवरील भाषणात दिले. नारळीकर त्यांचे शिष्य झाले. १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा हॉइल-नारळीकर सिद्धांत जगापुढे आला, आणि वाराणसीत वाढलेल्या या कोल्हापुरी तरुणाचे नाव भारतातील वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकले. पुढची साठ वर्षे ते विश्वोत्पत्तीच्या प्रश्नावर अल्पमतातच राहिले. लोकविज्ञानाच्या लेखकाने अल्पमतात असणे ही मोठी विलक्षण अवस्था आहे. बहुसंख्य लेखक शास्त्राचा निकाल वाचून दाखवितात. नारळीकरांना निकालाबरोबर त्यावरील आपली भिन्न मतपत्रिकाही जोडावी लागे, आणि ती जोडताना समोरच्या पक्षाचा युक्तिवाद लंगडा करून मांडण्याचा मोह टाळावा लागे. त्यामुळे त्यांचे खगोलावरील लेखन वाचणाऱ्याला विश्वाची माहिती तर होतेच, शिवाय शास्त्रात मतभेद कसा करावा आणि पुराव्याचा कागद कोठे जोडावा, याचाही वस्तुपाठ मिळतो.

‘आकाशाशी जडले नाते’ हा त्यांचा या प्रकारातील मोठा ग्रंथ. समजावून देण्याची त्यांची रीत एका उदाहरणाने सांगतो. उंच अक्षांशावरून पश्चिमेकडे निघालेल्या विमानात बसले असताना, मावळलेला सूर्य पश्चिम क्षितिजावर पुन्हा वर येताना त्यांनी पाहिला. चमत्काराची अशी ग्वाही आमच्याकडे एखाद्या बुवाने दिली असती तर त्याचा मठ उभा राहिला असता. नारळीकर मात्र हिशेब मांडू लागतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्तावरचा माणूस ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे वाहून नेला जात असतो. आमच्या अकोल्याच्या अक्षांशावर हा वेग सुमारे १,५६० भरेल, आणि साठ अंशांवर तो निम्मा, म्हणजे ८३५ च्या आसपास उरतो. ताशी नऊशे किलोमीटरने पश्चिमेकडे जाणारे विमान तेथे पृथ्वीवर मात करते आणि सूर्याला गाठते. अकोल्यावरून उडणाऱ्या प्रवासी विमानाला ते साधणार नाही. इथला सूर्य एकदा मावळला की मावळला, आणि वैशाखात त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते.

आता कथेकडे वळू. ‘धूमकेतू’ या कथेत कलकत्त्याचा एक हौशी निरीक्षक नवा धूमकेतू शोधतो, त्याला कीर्ती मिळते, आणि मग गणित असे निघते की तो धूमकेतू पृथ्वीवर आदळणार आहे. शास्त्रज्ञांची गुप्त परिषद भरते, अंतराळयान सोडून त्याची दिशा बदलण्याची तजवीज होते आणि ती यशस्वीही होते. दुसऱ्या कोणा लेखकाची कथा येथे संपली असती. परंतु त्या निरीक्षकाच्या घरी दरम्यान संकटनिवारणार्थ यज्ञ झालेला असतो, आणि पृथ्वी वाचल्याचे श्रेय घरात बिनदिक्कत त्या यज्ञाच्या खाती जमा होते. शोध लावणारा माणूस स्वतःच्या माजघरात पराभूत होतो. या कथेतील कक्षागणित कोणत्याही लोकविज्ञानाच्या पुस्तकात सापडेल. तो शेवट मात्र त्यात कोठे घालणार? शास्त्र विजयी झाले असता माणसे काय करतात, हा प्रश्न ग्रंथाच्या कक्षेत येत नाही, आणि नारळीकरांना कथा लागली ती नेमकी या प्रश्नासाठी.

आणि तो प्रश्न त्यांनी कथेतच ठेवला नाही, हे विशेष. २००८ साली अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते व संख्याशास्त्रज्ञ यांच्या साहाय्याने त्यांनी फलज्योतिषाची रीतसर चौकशी केली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका गोळा करण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिष्याकडे चाळीस पत्रिका पाठवून कोणती कोणत्या प्रकारची ते ओळखावयास सांगितले. उत्तरे पाठविली सत्तावीस जणांनी, आणि त्यांच्या यशाचे प्रमाण आले सुमारे ४६ टक्के. नाणे उडविले असते तर पन्नासच्या आसपास आले असते. या प्रकरणात एकही कठोर शब्द नाही. मुद्देमाल, जबानी आणि निकाल, इतकेच.

आम्हा वऱ्हाडकरांना ‘धूमकेतू’ जवळची वाटण्याचे आणखी एक कारण आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. आकाशातून आलेल्या पाहुण्याने काळ्या बेसॉल्टच्या खडकात पाडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदविले, दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख समजले गेले, आणि १९७० च्या दशकात तेथील खडकांत आघाताच्या खुणा निश्चितपणे सापडल्यावर त्याचा खरा दाखला मिळाला. त्याआधी, कित्येक शतके, आमच्या लोकांनी त्या खाऱ्या पाण्याची कैफियत लवणासुराच्या वधाने लावून दिली होती. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हाही क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे कारण प्रयोगशाळेतून येईपर्यंत गावोगाव निरनिराळ्या उपपत्ती फिरत होत्या, आणि मी ऐकलेल्यांपैकी दोन तर उत्तम कथा झाल्या असत्या.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही माझ्या मते त्यांची सर्वोत्कृष्ट कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पोहोचतात की, जेथे विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, मराठे पानिपत जिंकलेले आहेत आणि इतिहासाचा सांधाच बदललेला आहे. स्पष्टीकरणासाठी पुंजभौतिकीचा आधार आहे, तो ठीकच. परंतु रस आहे तो निराळ्या जागी. आजवर ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषविलेले पंत तेथील एका सभेत रिकामी खुर्ची पाहून सवयीने तीत जाऊन बसतात, आणि अध्यक्ष नावाच्या उपद्रवातून केव्हाच मुक्त झालेला तो समाज त्यांच्यावर हाताला लागेल ते फेकतो. मराठी माणसाच्या सभाप्रेमाची एवढी नेमकी थट्टा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनंतर क्वचितच कोणी केली असेल. १९८१ साली गो. नी. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरविलेल्या आमच्या गावाने ही कथा वाचून थोडे हसावे आणि थोडे खजील व्हावे.

कोल्हटकरांचे नाव मुद्दाम घेतले. वऱ्हाडात वकिली करीत ज्यांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या यांच्याकरवी आमच्या सणवारांची आणि भोळेपणाची रेवडी उडविली, त्याच कोल्हटकरांनी १९१३ साली ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथही सिद्ध केला होता. ग्रहगतीचे त्रैराशिक एका हाती आणि माणसाच्या मतीचे वेडेवाकडे भ्रमण दुसऱ्या हाती, असा हा योग आमच्या प्रांतात नारळीकरांच्या जन्माच्या पंचवीस वर्षे आधीच जुळून आला होता. मात्र त्याची परंपरा झाली नाही, कारण दोन्ही पुस्तके वाचणारा वाचक एकच असावा लागतो आणि तो त्या वेळी नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो निर्माण झाला. अणुशक्ती केंद्रातील जीवशास्त्र सोडून विज्ञानपत्रकारितेत आलेले बाळ फोंडके, भूशास्त्राकडून आकाशवाणीकडे आणि तेथून अखंड लेखनाकडे वळलेले निरंजन घाटे, रसायन अभियंते सुबोध जावडेकर, लक्ष्मण लोंढे या साऱ्यांना तो मिळाला. यांतील प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. निव्वळ कथाकार म्हणून पाहिले तर जावडेकर आणि लोंढे हे नारळीकरांहून सरस आहेत, असे माझे मत आहे.

कारण नारळीकरांच्या कथांतले दोष उघड आहेत. त्यांची माणसे बोलतात ती बहुधा एकमेकांना विषय समजावून देण्यासाठी. शास्त्रज्ञ शास्त्रज्ञासारखाच दिसतो. स्त्रिया पुष्कळदा चहा आणि शंका या दोनच गोष्टी घेऊन प्रवेश करतात. भाषा स्वच्छ, परंतु तिला गंध नाही. मात्र त्यांचे मंत्री, सचिव, समित्या आणि निधी मंजूर करणारे अधिकारी यांच्याकडे वळताच त्यांच्या निर्विकार लेखणीला एकाएकी धार येते. तीस-पस्तीस वर्षे संस्थांत वावरलेल्या, आणि १९८८ पासून पुण्यात ‘आयुका’सारखी खगोलविज्ञानाची संस्था उजाड जागेवर उभी करताना असंख्य फायलींचा पाठपुरावा केलेल्या माणसाला ही धार कोठून मिळाली, हे निराळे सांगावयास नको.

नाशिकच्या २०२१ च्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना तेथे जाता आले नाही, आणि गंगाधरपंतांच्या लेखकाच्या वाट्याला रिकामी अध्यक्षीय खुर्ची आली. लहान मुलांनी स्वाक्षरी मागितली तर ते वहीत देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल, असे सांगत.

आमच्या भागातील एका ग्रंथालयात त्यांची ‘वामन परत न आला’ ही यंत्रमानवाची कादंबरी पुष्कळ वर्षे धार्मिक ग्रंथांच्या कपाटात होती, दशावतारांच्या पोथ्यांच्या शेजारी. मी ग्रंथपालांना चूक दाखविली. त्यांनी शांतपणे पुस्तकाच्या मागील देवघेवीची चिठ्ठी उघडून मजपुढे धरली. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात असलेल्या प्रतीवर चार शिक्के होते. या प्रतीवर जागा उरली नव्हती म्हणून दुसरी चिठ्ठी चिकटविलेली होती. पुस्तक त्यांनी जेथून काढले होते तेथेच परत ठेवले, आणि मी काही बोललो नाही.