लाद्यांचे सांधे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जमिनीवर किंवा भिंतीवर लाद्या बसवताना दोन लाद्यांमध्ये जी अरुंद फट मुद्दाम राखली जाते तिला सांधा म्हणतात, आणि लाद्या पक्क्या झाल्यावर ती फट ज्या मिश्रणाने भरतात त्याला बाजारात व गवंड्यांच्या बोलण्यात ग्राउट हेच नाव रूढ झाले आहे. देशावर जिला फरशी म्हणतात आणि मुंबई-कोकणात जिला लादी, तिची निवड करण्यासाठी कुटुंबे चार दुकाने पालथी घालतात. सांध्यांचा विषय मात्र काम संपत आल्यावर, मिस्त्रीने रंग विचारला की निघतो आणि तेवढ्यावरच मिटतो. वास्तविक चार बाय सात फुटांच्या न्हाणीघरात ३०० मिलिमीटरच्या चौरस लाद्या बसवल्या तर केवळ जमिनीवरच सोळा मीटरच्या आसपास लांबीचा सांधा तयार होतो, आणि साबणाचे पाणी, तेल, हळद, झाडूचे घर्षण व लाद्यांची सूक्ष्म हालचाल हे सारे लादीपेक्षा कितीतरी अधिक सच्छिद्र असलेल्या याच रेषेला सोसावे लागते. सांधे भरणे हे घरच्या माणसाला सुटीच्या दिवशी स्वतः करता येण्यासारखे काम आहे, परंतु त्याभोवती साचलेले समज आधी दूर केले नाहीत तर ते वर्षभरातच पुन्हा करावे लागते.

सर्वांत महागात पडणारा समज असा, की सांधे नीट भरले म्हणजे न्हाणीघर जलरोधक होते. खालच्या मजल्यावरच्या छताला ओल आली की वरच्या घरातल्या सांध्यांत पांढरे सिमेंट फासून घेण्याची पद्धत याच समजुतीतून आली आहे. सिमेंटचे ग्राउट कितीही दाबून भरले तरी त्यात केसासारखी सूक्ष्म छिद्रे राहतात आणि त्यांतून पाणी हळूहळू आत झिरपते. ग्राउटची प्रतवारी करणाऱ्या आयएसओ १३००७ या आंतरराष्ट्रीय मानकानेही हे गृहीत धरलेले आहे : ठरावीक आकाराच्या नमुन्याने २४० मिनिटांत १० ग्रॅमपर्यंत पाणी शोषले तरी सर्वसाधारण सिमेंट ग्राउट उत्तीर्ण ठरते, कमी पाणी शोषणाऱ्या वर्गासाठी ही मर्यादा ५ ग्रॅम आहे आणि इपॉक्सीसारख्या राळयुक्त ग्राउटसाठी ती ०.१ ग्रॅम इतकी कडक आहे. पाणी अडवण्याचे खरे काम लादीच्या खाली दडलेल्या जलरोधक थराचे असते. महाराष्ट्रातल्या इमारतींत हा थर बहुधा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचा किंवा त्यावर लावलेल्या रासायनिक लेपाचा असतो. तो जमिनीवर संपून चालत नाही, भिंतीवरही काही उंचीपर्यंत चढवावा लागतो, आणि लाद्या बसवण्यापूर्वी नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतले सांडपाण्याचे तोंड, बंद करून एक ते दोन दिवस पाणी साठवून त्याची परीक्षा घ्यावी लागते. हा थर फुटलेला असेल, किंवा ट्रॅपच्या कडेला अथवा नळाच्या जोडणीत दोष असेल, तर वरचे सांधे नव्याने भरून गळती फार तर काही काळ मंदावते आणि पाणी स्लॅबमधल्या लोखंडापर्यंत पोहोचतच राहते. म्हणून सांध्यांना हात लावण्यापूर्वी न्हाणीघर तीन-चार दिवस पूर्ण बंद ठेवून खालच्या डागाकडे लक्ष द्यावे. वापर थांबला तरी गळती तशीच चालू राहिली तर सतत दाबाखाली असलेल्या पुरवठ्याच्या नळावर पहिला संशय घ्यावा, आणि ती थांबली तर जमीन, ट्रॅप व सांडपाण्याची वाट तपासावी.

दुसरा समज फटच नको असा आहे. लाद्या एकमेकींना चिकटवून बसवल्या की जमीन अखंड दिसते, आणि तशी ती दिसावी ही इच्छा समजण्यासारखी असली तरी लादीचा स्वभाव त्याच्या आड येतो. भट्टीतून निघालेल्या एकाच खोक्यातल्या लाद्यांच्या मापातही किंचित फरक असतो, आणि तो सामावून घ्यायला जागा नसली की दहाव्या-बाराव्या लादीपर्यंत ओळ तिरकी होते. त्याहून गंभीर प्रश्न प्रसरणाचा आहे. तापमान एक अंशाने वाढले की चिनी मातीची लादी आपल्या लांबीच्या सहा ते नऊ दशलक्षांश भागांनी वाढते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण उन्हात तापणाऱ्या सहा मीटर लांबीच्या गच्चीवर रात्र आणि दुपार यांत ३५ अंशांचा फरक पडला तर पूर्ण ओळीची वाढ सुमारे दीड मिलिमीटर होते, आणि खालचा काँक्रीटचा स्लॅब तर वर्षानुवर्षे थोडा थोडा आकसत असतो. या वाढीला वाट मिळाली नाही की दाब साठत जातो आणि एखाद्या दिवशी मोठा आवाज होऊन दोन लाद्या तंबूसारख्या वर उचलल्या जातात. अनेक घरांत हे घडते आणि दोष लादीच्या कंपनीला दिला जातो, खरे कारण मात्र न राखलेल्या फटीत आणि भिंतीलगत घट्ट ठासलेल्या सिमेंटमध्ये असते. अमेरिकेतील टाइल कौन्सिल ऑफ नॉर्थ अमेरिका या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार घराच्या आत साधारण २५ फुटांवर, आणि ऊन किंवा पाणी लागणाऱ्या जागी ८ ते १२ फुटांवर, हालचालीचा सांधा ठेवावा लागतो. हालचालीचा सांधा म्हणजे सिमेंटऐवजी रबरासारख्या लवचिक पदार्थाने भरलेली फट. दोन लाद्यांमधला साधा सांधाही तिथल्या प्रचलित नियमांनुसार सुमारे दीड मिलिमीटरपेक्षा अरुंद असू नये. प्लॅस्टिकचे छोटे क्रॉस, ज्यांना सगळे स्पेसर म्हणतात, ते दोन किंवा तीन मिलिमीटरचे वापरले तर दिसण्यात फारसे काही जात नाही आणि जमिनीला श्वास घ्यायला जागा राहते.

सांध्यासाठी पांढरे सिमेंट पुरते ही समजूत स्वस्ताईमुळे टिकून आहे. पांढरे सिमेंट हे मुळात पोर्टलंड सिमेंटच असते, फक्त राखाडी रंग देणारे लोह त्यात अत्यल्प राखलेले असते; त्यात फट भरण्यासाठी लागणारे कोणतेही खास गुण नसतात. नुसते सिमेंट वाळताना आकसते, लादीच्या कडेपासून सुटते आणि त्या केसभर भेगेत मळ बसतो. पाकीटबंद ग्राउटमध्ये सिमेंटबरोबर मोजून घेतलेली बारीक वाळू आणि चिकटपणा व थोडी लवचिकता देणारे पॉलिमर, म्हणजे लांबलचक रेणूंची रासायनिक द्रव्ये, असतात. तीन मिलिमीटरपेक्षा रुंद सांध्याला वाळूमिश्रित प्रकार घ्यावा, कारण वाळूचे कण आकसणे रोखतात. त्याहून अरुंद सांध्यात ते कण नीट शिरत नाहीत, आणि गुळगुळीत संगमरवरावर तर त्यांनी ओरखडे पडतात, म्हणून तिथे बिनवाळूचा प्रकारच योग्य ठरतो.

मिश्रणात पाणी किती घालावे या प्रश्नावर सर्वाधिक काम बिघडते. पातळ केले की ते फटीत आपोआप उतरते, हात भरून येत नाही आणि काम झटपट होते, म्हणून घमेल्यात तांब्यावर तांब्या ओतला जातो. सिमेंटला घट्ट होण्यासाठी लागणारे पाणी त्याच्या वजनाच्या दोन-पंचमांशाहून फारसे अधिक नसते. ज्या जादा पाण्यामुळे मिश्रण खिरीसारखे वाहते ते पुढे उडून जाते आणि आपल्या जागी पोकळ छिद्रे सोडते, त्यामुळे सांधा ठिसूळ होतो, नखाने खरवडला तरी पिठासारखा सुटतो आणि त्याचा रंग जागोजागी फिकट पडतो. हाच ओलावा बाहेर पडताना सिमेंटमधला विरघळलेला चुना पृष्ठभागावर आणतो, तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि गडद रंगाच्या सांध्यावर पांढरी साय दिसू लागते. ग्राहक तिला निकृष्ट रंग समजतो. पाकिटावर लिहिलेले पाणी मापाने आधी घ्यावे, त्यात पूड थोडी थोडी टाकत ढवळावे, आणि गोळा थापीवर धरून थापी उभी केली तरी तो घसरू नये इतका घट्ट राखावा. नंतर मिश्रण पाच-दहा मिनिटे तसेच ठेवून पुन्हा ढवळले की पॉलिमर पूर्ण भिजतात. एकदा आळू लागल्यावर वरून पाणी घालून ते सैल करणे म्हणजे बनू लागलेली जोडणी मोडणे होय.

भरण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. रबरी फ्लोट, म्हणजे खाली रबराचा तुकडा लावलेली थापी, सांध्याला ४५ अंशांत तिरकी धरून मिश्रण तळापर्यंत दाबावे लागते. बोटाने किंवा चिंधीने वरून पुसलेले ग्राउट फक्त तोंडाशी बसते आणि खाली हवा राहते. पंधरा-वीस मिनिटांनी, वरचा थर बोटाला चिकटेनासा झाला की, घट्ट पिळलेल्या स्पंजने कर्णाच्या दिशेने हलके पुसावे. इथेही घाईपेक्षा पाणीच अधिक घात करते, कारण स्पंजातून पाणी गळत असेल तर सांध्याच्या तोंडावरचा ताजा थर धुऊन जातो आणि त्या जागी दबलेली, फिकट रेषा राहते. सिमेंटच्या मालावर बसवलेल्या लाद्या असतील तर माल काही दिवस वाळू द्यावा, अन्यथा खालून येणारी वाफ रंग असमान करते; कोकणातल्या आषाढ-श्रावणात ही वाट आणखी लांबते.

इपॉक्सी ग्राउट लावले की पुढे काहीच बघावे लागत नाही, हा समज अलीकडचा आणि म्हणून अधिक आग्रहाने मांडला जाणारा. राळ आणि तिला घट्ट करणारे द्रव्य एकत्र आले की रासायनिक क्रियेने बनणारा हा पदार्थ पाणी जवळजवळ शोषत नाही, तेल-हळदीचे डाग फारसे धरत नाही आणि स्वयंपाकघराच्या ओट्यामागे किंवा ओल्या मोरीत निर्विवाद श्रेष्ठ ठरतो. परंतु दोन्ही घटक पूर्ण डब्याच्या मापातच मिसळावे लागतात, अंदाजाने अर्धे-अर्धे करता येत नाहीत. मिसळल्यावर मिळणारा वेळ मोजका असतो, उन्हाळ्यात तर तो आणखी घटतो, आणि लादीवर राहिलेला पातळ थर दुसऱ्या दिवशी पाण्याने निघत नाही. सतत ऊन लागणाऱ्या गच्चीत बहुतेक इपॉक्सी पिवळे पडतात. कच्ची राळ वारंवार कातडीला लागली तर कायमची ॲलर्जी जडू शकते, म्हणून हातमोजे अपरिहार्य आहेत. बुरशीचेही तसेच : ती ग्राउट खात नाही, त्यावर बसलेला साबण आणि ओल यांवर पोसली जाते, त्यामुळे इपॉक्सीवरही ती येते आणि न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवण्याला पर्याय मिळत नाही.

भिंत आणि जमीन जिथे मिळते तो कोपरा इतर सांध्यांसारखाच भरला जातो, आणि सर्वांत आधी तोच तडकतो. दोन वेगळी प्रतले वेगवेगळी हलतात, सिमेंट त्यांच्याबरोबर हलू शकत नाही, म्हणून तिथे सिलिकॉनचे लवचिक सीलंट हवे. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन ॲसिटिक आम्ल सोडते, आणि ते आम्ल संगमरवराला खाते. दगडाच्या लादीजवळ बिनवासाचे, ‘न्यूट्रल’ प्रकारचे घ्यावे. जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही, ते पूर्ण काढावेच लागते.

हीच गोष्ट जुन्या सांध्यांची. काळ्या पडलेल्या सांध्यावर नवे ग्राउट पसरून तो उजळवता येतो असे मानले जाते, पण एक-दोन मिलिमीटरचा हा पापुद्रा पकड न मिळाल्याने काही महिन्यांत सुटतो. जुने ग्राउट लादीच्या जाडीच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत खरवडून, भुसा झाडून, मगच नवे भरावे. घरी हे काम ग्राउट काढण्याच्या दातेरी पात्याने किंवा हॅक्सॉच्या ब्लेडच्या तुकड्याने लादीची कड न दुखवता करता येते, फक्त त्याला संयम लागतो आणि डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडके हवे. खरवडताना प्रत्येक लादी नाण्याने ठोकून पाहावी. जी पोकळ वाजते तिच्याखाली माल सुटलेला असतो, ती पायाखाली सूक्ष्म हलते आणि तिच्याभोवतीचा सांधा कितीही वेळा भरला तरी तडकणारच, म्हणून ती उचलून पुन्हा बसवणे हाच उपाय उरतो.

स्वच्छतेसाठी ॲसिड ओतण्याची सवय घराघरांत आहे, आणि तिचे परिणाम उशिरा दिसतात म्हणून ती निरुपद्रवी वाटते. हायड्रोक्लोरिक आम्ल सिमेंटमधला चुना विरघळवते, तो पाण्याबरोबर वाहून जातो, आणि पहिल्या धुण्यात लख्ख दिसलेला सांधा काही वर्षांत लादीच्या पातळीखाली खचतो. संगमरवराची झिलई तर एका शिंतोड्याने जाते. सौम्य साबणाचे पाणी आणि नायलॉनचा ब्रश रोजच्या मळाला पुरतो, हट्टी डागासाठी खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट दहा मिनिटे ठेवून घासावी, आणि सिमेंटच्या सांध्यांना कोरडे असताना आत मुरणारे सीलर लावले तर डाग शोषले जाण्याचा वेग घटतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर हे दोन पदार्थ मात्र एकाच वेळी, एकाच बादलीत किंवा एकामागोमाग त्याच ओल्या जमिनीवर कधीही वापरू नयेत, कारण त्यांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो आणि खिडकी नसलेल्या छोट्या न्हाणीघरात दार लोटून घासत बसलेल्या माणसाच्या श्वासात तो काही क्षणांत जातो.