दवाखान्यात आधार कार्ड मागितले तर काय करावे?

केसपेपर काढताना काउंटरवर ‘आधारची झेरॉक्स द्या’ असे सांगितले जाते आणि बहुतेक जण ती लगेच देतात. काही रुग्ण मात्र बिचकतात. क्षयरोग, एचआयव्ही किंवा मानसिक आजार आधारला जोडला गेला तर नोकरीच्या ठिकाणी कळेल, या भीतीने ते तपासणीच पुढे ढकलतात. असे करू नका. कोणता क्रमांक कशासाठी लागतो हे समजले, तर उपचारही वेळेवर होतात आणि माहितीही जपता येते.

आधारमध्ये आजाराची नोंद असते का?

नाही. 12 अंकी आधार क्रमांकामागे तुमचे नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद असते. ओळख कशासाठी पटवली, ही माहिती आधार प्राधिकरणाने गोळा करू नये, असे 2016 च्या आधार कायद्यातच म्हटले आहे. आजाराची नोंद असते ती रुग्णालयाच्या, लॅबच्या आणि विमा कंपनीच्या कागदपत्रांत.

मग काळजी कशाची?

एकच क्रमांक या सगळ्या ठिकाणी लिहिलेला असेल, तर वेगवेगळ्या नोंदी एकमेकींना जोडणे सोपे होते. त्यातली एखादी यादी फुटली, तर नाव आणि आजार एकत्र बाहेर पडू शकतात. पासवर्ड बदलता येतो, पण झालेला आजार किंवा बोटांचे ठसे बदलता येत नाहीत.

आधार कुठे लागते?

सरकारी योजनेचा लाभ घेताना ते लागू शकते. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. तिचे कार्ड काढताना आधारवरून ओळख पटवली जाते. 70 वर्षांवरील व्यक्तीचे वयही आधारवरूनच पाहिले जाते. लाभ योग्य माणसाला मिळावा, हा त्यामागचा हेतू आहे.

खासगी कंपन्यांची गोष्ट वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 रोजी सरकारी लाभांसाठी आधारचा वापर योग्य ठरवला, पण केवळ आपसांतल्या कराराच्या आधारे खासगी कंपन्यांना आधार पडताळणी करू देणारी तरतूद रद्द केली. त्यामुळे साध्या ओपीडी तपासणीसाठी किंवा रक्त तपासणीसाठी आधार मागितले, तर ‘दुसरे ओळखपत्र चालेल का?’ असे जरूर विचारा.

आभा क्रमांक म्हणजे काय?

आभा हा 14 अंकी आरोग्य खाते क्रमांक आहे. त्यामुळे वेगवेगळ्या रुग्णालयांतील तुमचे रिपोर्ट एकत्र पाहता येतात. रिपोर्ट मूळ रुग्णालयाकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना ते पाहायचे असतील तर तुमची संमती लागते. कोणते रिपोर्ट आणि किती काळासाठी दाखवायचे हे तुम्ही ठरवता, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. आभा काढणे ऐच्छिक आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगण्यापूर्वी तो कशासाठी आहे, हे विचारून घ्या.

ही काळजी घ्या

• झेरॉक्सऐवजी ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात फक्त शेवटचे 4 अंक दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करता येते.
• पडताळणीसाठी क्रमांकच हवा असेल, तर त्याऐवजी 16 अंकी व्हर्च्युअल आयडी वापरता येतो.
• झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहा.
• एमआधार अॅपमधून बोटांचे ठसे ‘लॉक’ करा. ठसे वापरून बँक खात्यातून पैसे काढण्याचे प्रकार त्यामुळे टळतात. लागेल तेव्हा लॉक उघडता येते.
• आधार कुठे वापरले गेले, याचा इतिहास अधूनमधून पाहा. अनोळखी नोंद दिसली तर 1947 वर फोन करा.
• घरातल्या ज्येष्ठांचे आधार कार्ड व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

आधार जवळ नसेल तर?

अपघात, छातीत दुखणे किंवा प्रसूतीच्या कळा असताना कागद शोधत बसू नका. थेट रुग्णालय गाठा. आधार नाही म्हणून रुग्णाला दाखल करून घेणे किंवा उपचार नाकारता येणार नाहीत, असे आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केले आहे.

एचआयव्हीच्या रुग्णांना वेगळे संरक्षणही आहे. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, कायद्यातील मोजके अपवाद सोडले तर, रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती इतरांना सांगता येत नाही.

माहिती कुठे जाईल, अशी शंका मनात असेल तर ती तुमच्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. तपासणी आणि औषधे मात्र थांबवू नका.