हिशेबाची वही

दिवाळीच्या आधीचा रविवार. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात मान घालून मी बसलो होतो. तोच शेजारचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. त्याच्यामागे त्याची आई.

"सर, याले काही तरी सांगा ना बाप्पा! बी. ए. झाला, आता पुढं काय करावं हेच ठरत नाही याचं."

आमचे सिंदी मेघे वर्धा शहराला अगदी खेटून आहे. मुलाचे वडील कास्तकार; शेत खेड्यावर, बिऱ्हाड इथे. मुलाने अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळविली. आता एम. ए. करावे, की बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरावा? पाठची बहीण अजून शिकते आहे. तेव्हा प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता.

"तीन वर्षांत काय शिकलास?" मी विचारले.

तो जरा घुटमळला. "सर, मागणी-पुरवठ्याच्या रेषा झोपेतही काढीन. पण बाबांच्या कापसातून शेवटी हातात काय उरते, ते मला सांगता येत नाही."

मी पडलो मराठीचा मास्तर. अर्थशास्त्राशी आमचा संबंध पगारापुरता, तोही महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत! पण वर्ध्यात राहणाऱ्याला मगनवाडी ठाऊक असते, आणि मगनवाडी म्हटली की जे. सी. कुमारप्पा आठवतात. त्यांचीच गोष्ट मी त्याला सांगितली.

कुमारप्पा मूळचे तंजावरचे. लंडनला हिशेब तपासणीचे शिक्षण घेऊन मुंबईत त्यांनी चांगला जम बसविला होता. पस्तिशीच्या सुमारास ते अमेरिकेत पुन्हा विद्यार्थी झाले. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर ज्यांच्याजवळ शिकले, तेच हे. कुमारप्पांनी एका चर्चमध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर भाषण केले. त्याचे वृत्त वर्तमानपत्रात सेलिग्मन यांनी वाचले, आणि याच प्रश्नावर प्रबंध लिही, असे शिष्याला सुचविले. सरकार कराचा पैसा कोणाकडून घेते आणि कोणासाठी खर्च करते, हे शोधता शोधता साहेबी थाटाचा हा हिशेबनीस पार बदलून गेला.

१९२९ साली प्रबंध घेऊन ते गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांना खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी करायला सांगितले. कोलंबियाचा पदवीधर गावोगाव हिंडून शेतकऱ्याचे उत्पन्न आणि खर्च टिपू लागला. पुढे १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, आणि त्याचा कारभार पाहण्यासाठी ते वर्ध्याला, मगनवाडीत आले. तेलघाणी, हातकागद, मधमाशा यांचा जमाखर्च हाच त्यांचा विषय झाला.

"म्हणजे मी नोकरी करू नये?" मुलाने विचारले.

"असे कोण म्हणतो? अर्ज जरूर भर. घराला पगार हवा. पण प्रश्न तुझा हवा. तो असला, तर बँकेच्या टेबलावरही अर्थशास्त्र चालू राहते. नसला, तर एम. ए. होऊनही ते वहीतच राहते."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांच्याकडे फराळाला गेलो. बँकेचा अर्ज गेला होता, एम. ए.चाही भरला होता. समोर एक नवी वही होती. वडील आठवून सांगत होते आणि मुलगा लिहीत होता: बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी.

आई चिवड्याच्या बशा घेऊन आली, वहीत डोकावली आणि म्हणाली, "अन् माही मजुरी कुठं लिहिली रे?"

मुलाची पेन्सिल थांबली. बापाने माझ्याकडे पाहिले, मी चिवड्याकडे. मग त्याने पान उलटले, कोऱ्या पानावर नवा रकाना आखला आणि विचारले, "आई, तू शेतात सकाळी किती वाजता जातेस?"