भांडवल कुणाचं, कारभार कुणाचा?



देहू, तळवडे, चाकण या पट्ट्यात आता उसाच्या फडाला लागून शेडच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. आपली पोरं तिथं नोकरी करतात, चार वर्षांत काम शिकतात आणि एक दिवस म्हणतात, "आबा, स्वतःचं वर्कशॉप टाकतो. पैसे लावायला एकजण तयार आहे." आबा विचारतात, बुडालं तर जमीन जाईल का? प्रश्न रास्तच. पण धंदा चांगला चालला तर तो कुणाचा राहणार, हेही तेव्हाच विचारलेलं बरं.

आपल्या ऊसवाल्यांना हा पेच जुनाच आहे. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923 साली गावात पतपेढी काढली, ती सावकारी पाश सैल व्हावा म्हणून. पुढं साखर कारखाना काढायचं ठरलं तेव्हा ते शेअरसाठी गावोगाव हिंडले. ज्याच्या डोक्यावर कर्ज, त्याच्याकडंच भांडवल मागायचं! अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, विठ्ठलराव उपाध्यक्ष. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी होते. सरकारनं भाग घेतले, 1948 साली निघालेल्या औद्योगिक वित्त महामंडळानं कर्ज दिलं आणि 1950-51 च्या हंगामात प्रवरेचं गाळप सुरू झालं. मोठा पैसा बाहेरचाच, पण शेतकऱ्यानं आधी पदरचं घातलं होतं. "तुमचे स्वतःचे किती?" हा प्रश्न आजही कर्ज देणारा पहिल्यांदा विचारतो.

सहकारात शेअर कितीही असोत, माणशी मत एकच. लाभांशालाही 1960 च्या सहकारी कायद्यानं 15 टक्क्यांची मर्यादा घातली. त्यावर जायचं तर निबंधकांची परवानगी लागते. त्यामुळं नफ्यासाठी पैसा फिरवणारा आपल्या दारी येत नाही, आणि विस्तार करायचा की टनामागं ठेव कापली जाते. परतीची आणि बिनपरतीची. (दुसरीचं नाव तरी प्रामाणिक आहे.)

कंपनीत मात्र जितके शेअर तितकी मतं. समजा, एकानं 10 लाख रुपये घालून चौथा हिस्सा मागितला. म्हणजे त्याचे पैसे धरून धंद्याची किंमत 40 लाख झाली. पोराची मशीन, गिऱ्हाइकं आणि हुन्नर यांचे 30 लाख. हा हिशेब तोंडी न ठेवता कागदावर मांडावा. पुढं आणखी भांडवल आलं की पोराचा हिस्सा आणखी उतरतो. तो निम्म्याखाली गेला, की शेडवर पाटी त्याची असली तरी बहुमत त्याच्या हाती राहत नाही.

कर्जाचं उलट. पाऊस पडो न पडो, हप्ता भरायचाच. पण फिटलं की संबंध संपला. छोट्या मशीनसाठी आम्हांला आधी कर्जच बरं वाटतं. 2015 पासून मुद्रा योजना आहे, आणि लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणारा न्यास 2000 सालापासून आहे. म्हणून सातबारा गहाण टाकण्याआधी बँकेत हे दोन्ही विचारावं. ज्या धंद्याला कमाईपूर्वी दोन-तीन वर्षं नुसता खर्चच आहे, तिथं मात्र हप्ता झेपत नाही. तिथं भागीदार हवाच.

देहूत पैशाचा विषय निघाला की इंद्रायणी आठवतेच. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची खतं डोहात सोडली, पण धाकट्या कान्होबाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली, असं परंपरा सांगते. वैराग्य तर होतंच, पण दुसऱ्याच्या हिश्शाला हात लावला नाही.

तेव्हा सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्या: रोजचा कारभार कोण बघणार, नवा भागीदार कुणाच्या संमतीनं येणार, आणि हिस्सा परत विकत घ्यायचा झाला तर भाव कसा ठरणार. मसुदा मराठीत करून घरात वाचून दाखवा. आबांनाही, आईलाही.