फोन ‘स्लो’ झालाय? नवा घेण्याआधी ही तारीख तपासा

ऑनलाइन सेल सुरू झाला की जुना फोन नेमका जास्तच हँग होऊ लागतो! त्यात बॅटरी दुपारीच संपते आणि समोर एक्स्चेंज ऑफर दिसत असते. पण फोन बदलायची वेळ आली आहे का, हे फक्त त्याच्या वेगावरून ठरत नाही. त्यासाठी सेटिंग्जमधली एक तारीख बघावी लागते.

फोन स्लो का होतो?

आधी बॅटरी तपासावी. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी वापरासोबत झिजत जाते. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेल्सची बॅटरी ५०० चार्ज सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरेल, अशा हिशेबाने बनवलेली असते, असे ॲपल सांगते. आयफोन १५ पासून हा आकडा १,००० आहे. दोन दिवसांत ५०-५० टक्के चार्जिंग वापरले की एक सायकल झाली. रोज एक सायकल होत असेल, तर ५०० सायकल दीड वर्षाच्या आतच पूर्ण होतात.

झिजलेली बॅटरी प्रोसेसरला एकदम लागणारी वीज पुरवू शकत नाही. अशा वेळी फोन अचानक बंद पडू नये म्हणून काही जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते. त्यावर उपाय होता, नवी बॅटरी. अँड्रॉइड फोनची बॅटरीही सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून मिळते आणि त्याचा खर्च नव्या फोनपुढे किरकोळ असतो. बॅटरी फुगून स्क्रीन वर उचलली गेली असेल, तर मात्र तो फोन चार्जिंगला लावूच नये.

दुसरे कारण म्हणजे गच्च भरलेले स्टोरेज. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडले की गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी किती जागा खाल्ली आहे, ते कळते.

मग बदलायचा कधी?

‘अबाउट फोन’मध्ये अँड्रॉइड व्हर्जनवर गेल्यास ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख दिसते. ती वर्षभरापूर्वीची असेल आणि कंपनीने त्या मॉडेलचे अपडेट बंद केले असतील, तर फोन कितीही झकास चालत असला तरी तो बदलण्याच्या यादीत टाकावा. नंतर सापडलेल्या त्रुटी त्या फोनमध्ये तशाच राहतात. आणि बँकेचे ॲप, यूपीआय, ओटीपी सगळे त्याच फोनवर!

नवा फोन घेतानाही हाच हिशेब लावावा. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षे अपडेटचे आश्वासन दिले आहे. स्वस्त मॉडेल्सना हा काळ बराच कमी असू शकतो. ही वर्षे मोजायची ती मॉडेल बाजारात आल्यापासून, आपण ते विकत घेतल्यापासून नव्हे. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, म्हणजे तो कधीही घेतला तरी अपडेट ऑक्टोबर २०३० पर्यंतच. सेलमध्ये दोन वर्षे जुने मॉडेल स्वस्तात मिळते, तेव्हा त्याची दोन वर्षे आधीच संपलेली असतात. ऑफरच्या जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही.

सेकंड हँड घेताना?

*#०६# डायल केल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक बिल आणि बॉक्सवरच्या क्रमांकाशी जुळवावा. ‘केवायएम’, मग स्पेस आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवल्यास तो क्रमांक ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, हे कळते. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरही ही सोय आहे. फोन चोरीचा निघाला, तर पैसे आणि फोन दोन्ही जाण्याची भीती असते.

जुना फोन देताना?

फक्त गॅलरी डिलीट करून भागत नाही. बॅकअप घ्यावा, गुगल किंवा ॲपल अकाउंट काढावे, मगच फॅक्टरी रीसेट करावा. अकाउंट तसेच राहिले, तर घेणाऱ्याला फोन सुरूच करता येत नाही आणि पासवर्डसाठी त्याचा फोन येतो. सिम कार्ड आणि मेमरी कार्ड काढायलाही विसरू नये.

नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरचे सिम त्याच फोनमध्ये लागते, कारण पडताळणीचा एसएमएस तिथूनच जातो. फोन बदलल्यावर पहिले २४ तास अनेक बँका यूपीआय व्यवहारांवर ५,००० रुपयांची मर्यादा ठेवतात. आयफोनवर हा काळ ७२ तासांपर्यंत असू शकतो. त्यामुळे शाळेची फी किंवा घरभाडे भरायचे असेल, तर ते आधी जुन्या फोनवरूनच भरून टाकावे.